समुपदेशकाच्या खुर्चीत कोण?

घराण्यातून येणाऱ्या आजारांचा धोका आणि तपासणीचे अहवाल रुग्णाला समजावून सांगणारा तो जनुकीय समुपदेशक. अमेरिकेतल्या अशा समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पाहण्यांत वर्षानुवर्षं एकच चित्र दिसतं: ९० टक्क्यांहून जास्त बायका आणि सुमारे ९० टक्के गोरे. तिथला या विषयाचा पहिला अभ्यासक्रम १९६९ साली न्यूयॉर्कजवळच्या सारा लॉरेन्स कॉलेजात निघाला, आणि ते कॉलेज वर्षभर आधीपर्यंत फक्त मुलींचं होतं. सुरुवातीला जी माणसं आली, पुढेही तशीच येत राहिली.

मी इंग्लंडात, स्विंडनला राहते. एका इस्पितळाच्या जेनेटिक्स विभागात रुग्णांचे वंशवृक्ष काढायचं काम करते. इथेही समावेशकतेवर बैठका होतात, भिंतीवर हसऱ्या सावळ्या चेहऱ्यांची पोस्टरं लागतात. हे गोव्यात फोंड्याच्या आमच्या घरच्या ग्रुपवर लिहिलं, तर भाच्याने विचारलं, "मावशी, आजार काय जात विचारून येतो? मग सल्ला देणारा कुठल्या का जातीचा असेना!"

येतो रे बाबा, थोडाफार विचारूनच येतो. पिढ्यान्‌पिढ्या आपण जातीतच लग्नं लावली, त्याचा हा हिशेब आहे. बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराचे वाहक, म्हणजे दोष अंगात असूनही स्वतः आजारी नसलेली माणसं, सिंधी, लोहाणा समाजांत जास्त सापडतात. सिकलसेल मध्य भारतातल्या आदिवासींत. जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पाने १०,००० जणांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखडे, वाचताना ८३ समाजगट निवडले ते उगाच नव्हे. जगात साठलेली बहुतेक जनुकीय माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. म्हणून आपल्या माणसाच्या अहवालात 'या बदलाचा अर्थ निश्चित नाही' असा शेरा जास्त वेळा पडतो, आणि तो शेरा समोरच्याला समजावून सांगणं हेच समुपदेशकाचं काम.

वंशवृक्षात पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. आजार असलेला माणूस काळा रंगवायचा, रक्ताच्या नात्यात लग्न असेल तर दोघांमध्ये दुहेरी रेघ. आता गोव्यातलं हिंदू घर घ्या. आजीचं लग्नात आडनाव तर बदललंच, नावही बदललं. नातवाला तिचं माहेरचं नाव ठाऊक नसतं, मग तिच्या बहिणी कशाने गेल्या हे कुठून ठाऊक असणार? फार तर 'पोटात गाठ होती' एवढं सांगतात. ती गाठ अंडाशयाची होती का, हे विचारायचं सुचलं नाही तर स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेला धागा तिथेच तुटतो, कारण दोन्ही कर्करोगांमागे एकच जनुकीय दोष असू शकतो. माझ्या इंग्रज सहकारी हुशार आहेत, मनापासून काम करतात. पण लग्नात बाईचं पाळण्यातलं नावच जातं हे त्यांच्या स्वप्नातही येत नाही.

इथवर मी पोस्टरवाल्यांच्या बाजूची. पुढे मात्र माझं त्यांच्याशी पटत नाही. रुग्णाला 'आपल्यातला' समुपदेशक मिळाला की झालं, असं ते धरून चालतात. गोव्यात आपल्यातला म्हणजे कोण? 'तू कुणाची? कुठल्या वाड्यावरची?' या दोन प्रश्नांत तुमचं अख्खं गोत्र उघडं पडतं. लग्नाच्या मुलीला आपण वाहक आहोत ही गोष्ट काकीच्या माहेरच्या बाईला सांगायची असेल का? मुळीच नाही. तिला परका माणूस बरा, आणि शक्यतो परक्या गावचा.

स्विंडनमध्ये गोंयकार पुष्कळ, बहुतेक ख्रिस्ती, पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले. इथल्या फॉर्मवर आम्ही सगळे 'भारतीय' या एकाच चौकटीत. प्रत्यक्षात त्यांच्यातली एखादी बाई माझ्याशी कोकणीत मोकळी होते, तर दुसरी मला बघून गप्प बसते.

घरी मात्र समावेशकता म्हटलं की १९८७चा राजभाषा कायदा निघतो, कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला काय मिळालं, यावर रात्र जाते. मी मराठी शाळेत शिकले, घरी कोकणी बोलले, त्या भांडणातल्या दोन्ही बाजू मला जवळच्या. पण गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना अनुसूचित जमातींचा दर्जा २००३ साली मिळाला, आणि त्यांच्यातली मुलगी या पेशात कशी येणार, हा प्रश्न त्या ग्रुपवर कुणी काढल्याचं मी पाहिलेलं नाही. या विषयाच्या एम.एस्सी.साठी तिला मणिपाल, हैदराबादसारखं दूरचं गाव गाठावं लागतं. शिक्षण इंग्रजीत, आणि वसतिगृहाचा खर्च वेगळा.

गोव्याने २००८ साली जन्मजात आजारांसाठी नवजात बाळांची तपासणी सुरू केली होती, तेव्हा देशात असं करणारं ते पहिलं राज्य. बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेणं सोपं. यातले कित्येक आजार दोष आई आणि बाप दोघांकडूनही आला तरच होतात, हे सुनेला बोल लावणाऱ्या सासूच्या गळी उतरवणं कठीण. ते सांगणारी बाई काणकोणची असेल तर काणकोणच्या सासूला पटेल, किंवा तिच्याच गावची म्हणून उलट जास्त झोंबेल. हे आधीच कोण सांगणार?

म्हणून भाच्याला उत्तर लिहिलं: गोव्यात हा पेशा नीट उभा राहायचा आहे, तोवरच पदं आणि शिष्यवृत्त्या वेगवेगळ्या समाजांत वाटून टाका. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात दोन समुपदेशक नेमले तर एक सांगे-केपेच्या आदिवासी बाजूची असू दे, दुसरी गोव्याबाहेरची चालेल, एखादा पुरुषही चालेल. आणि केस पेपर काढतानाच रुग्णाला विचारा, कुणाकडे बसायचंय. भाच्याचा अंगठा आला. पुढच्याच मिनिटाला ग्रुप परत राजभाषेवर गेला.