लगड

सराफ बाजारातल्या एका मित्राने काल पिंक पँथर्स या जगभर दागिन्यांची दुकानं लुटणाऱ्या टोळीवरचा व्हिडिओ पाठवला. खाली टाळ्याच टाळ्या. खोटं कशाला बोलू, मीही दोनदा पाहिला. २००५ मध्ये फ्रान्समधल्या सेंट ट्रोपेला फुलाफुलांचे शर्ट घालून दुकान लुटलं आणि स्पीडबोटीतून पसार. २००७ मध्ये दुबईच्या वाफी मॉलमध्ये दोन ऑडी थेट आत घुसवल्या. २००८ मध्ये पॅरिसला तर बायकांचे विग लावून गेले. नाव कसं पडलं, तर २००३ च्या लंडनमधल्या दरोड्यातली हिऱ्याची अंगठी क्रीमच्या डबीत सापडली, ‘पिंक पँथर’ मालिकेतल्या एका जुन्या विनोदी सिनेमात होतं तशीच!

बहुतेक जण सर्बिया-मॉन्टेनेग्रोकडचे. नव्वदच्या दशकात युगोस्लाव्हिया फुटला, युद्ध, निर्बंध, मग तस्करी. म्हणून त्यांना लगेच रॉबिनहूड करायचं का? २००४ मध्ये टोकियोच्या गिंझातून त्यांनी ११६ हिऱ्यांचा हार पळवला, तो दुकानातल्या माणसाच्या तोंडावर अश्रुधूर फवारून. व्हिडिओत तो माणूस अर्धा सेकंद दिसतो.

आणि तो हार घेतला कोणी? माझं डोकं तिथेच अडकतं. काच फोडायला हातोडा पुरतो हो. खरं जाळं पुढे आहे: हिऱ्याला नवे पैलू पाडणारा, नवे कागद करणारा, ‘कुठून आणला’ हे न विचारणारा. त्याच्यावर कोणी व्हिडिओ करत नाही.

चार वर्षांपूर्वी गंगापूर रोडला सकाळी फिरताना आईचं मंगळसूत्र बाईकवाल्यांनी ओढलं. मी पोहोचलो तेव्हा ती रस्त्यावर बसून काळे मणी वेचून पदरात टाकत होती. मानेवर लाल वळ. म्हणाली, “अरे, एक वाटी इथेच पडली असेल, बघ ना.”

चोर सापडले. त्यांनी माल एका सोनाराला दिला होता, आणि त्याने त्याच दिवशी मुशीत घातला असणार. वर्षभराने कोर्टाच्या आदेशाने वजनावर हातात आली ती लगड, बोटाच्या पेराएवढी. तो सोनार जामिनावर सुटून पुन्हा गल्ल्यावर बसलाय, म्हणतात.

मी आईला म्हटलं, याचंच नवीन करू. तिने लगड तळहातावर घेतली, उलटसुलट केली आणि डबीत ठेवून दिली.

“नको. यात आणखी कुणाकुणाचं असेल.”