दंडावरचा बीसीजीचा व्रण आणि क्षयरोग: एक खुलासा

डाव्या दंडावर बीसीजी लसीचा व्रण असलेल्या प्रौढांना क्षयरोग होत नाही आणि हा आजार दाट वस्त्यांपुरताच असतो, असा संदेश कोथरूडमधील सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत आहे. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

बीसीजी लस मुख्यतः लहान मुलांना क्षयाच्या मेंदूज्वरासारख्या गंभीर प्रकारांपासून वाचवते. प्रौढांच्या फुफ्फुसाच्या क्षयाबाबत तिचा भरवसा धरता येत नाही. दाटी आणि कोंदट हवा यांमुळे संसर्ग वाढतो हे खरे, पण बंद वातानुकूलित कार्यालयही कोंदटच असते.

संसर्ग झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो आणि तो कोणाला होणार, हे बऱ्याच अंशी प्रतिकारशक्तीवर ठरते. एचआयव्ही, कुपोषण, धूम्रपान, अति मद्यपान, दगडखाणीतील सिलिकाची धूळ आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स ही त्यामागची परिचित कारणे आहेत. मधुमेहाकडे मात्र दुर्लक्ष होते, वास्तविक त्याने हा धोका दुपटीतिपटीने वाढतो. रोज पहाटे टेकडी चढणाऱ्या, पण उपाशीपोटी साखर २०० च्या खाली न येणाऱ्या गृहस्थांचा पट्टा दोन भोके आत गेला, की घरचे त्याचे श्रेय पथ्याला देतात, आणि खोकल्याचे खापर गणेशखिंडीच्या धुरावर फुटते.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकीची तपासणी महापालिकेच्या दवाखान्यामार्फत मोफत करून घेता येते.