माझंच काम परक्यासारखं कसं लिहू?

माझ्या विद्यार्थिनीचा पेपर जर्नलकडून दुसऱ्यांदा परत आलाय. चूक तिची कमी, आम्हा शिकवणाऱ्यांची जास्त. म्हणून लिहितोय.

ती सोलापुरातल्या यंत्रमागांच्या आवाजावर काम करते. पूर्व भागातल्या टॉवेलच्या कारखान्यात माग सुरू झाले की शेजारच्याशीही कानाला तोंड लावून बोलावं लागतं. आवाज मोजायची पद्धत तिच्या पहिल्या पेपरात आली. नव्यात त्याच कामगारांची कानांची तपासणी आहे. जर्नल डबल ब्लाइंड, म्हणजे लेखक आणि रिव्ह्यूअर (पेपर तपासणारा तज्ज्ञ) यांना एकमेकांची नावं कळता कामा नयेत. हिने लिहिलं, ‘आमच्या मागील अभ्यासात दाखवल्याप्रमाणे’, आणि पुढे संदर्भ. ‘आमच्या’ म्हटल्यावर संदर्भातल्या नावावरून लेखक कोण ते उघडच. संपादकांनी तिथूनच परत पाठवला. मग हिने संदर्भच उडवला आणि ‘ओळख लपवण्यासाठी वगळले’ असं टाकलं. आता रिव्ह्यूअर विचारतो, आवाज मोजला कसा? आधीचं किती, यात नवं काय? त्याचं काहीच चुकलं नाही.

मी तिला उपाय सांगितला: जुना पेपर नावानिशी द्यायचा, फक्त तिऱ्हाइताचा असल्यासारखा: ‘अमुक यांनी दाखवले आहे’. ती म्हणाली, “सर, माझंच काम परक्यासारखं कसं लिहू?” तिला ते खोटं वाटत होतं. पण पेपर खरा, नाव खरं, संदर्भ उघडून तपासता येतो. गेलं ते फक्त ‘आम्ही’.

आणि हा आटापिटा फुकाचा नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वित्त विषयातला एकच पेपर शेकडो रिव्ह्यूअरना दिला होता. नोबेलविजेते व्हर्नन स्मिथ यांचं नाव दिसलं तेव्हा २३ टक्क्यांनी ‘नाकारा’ म्हटलं, नाव नसताना ४८ टक्क्यांनी, आणि त्यांच्या नवख्या सहलेखकाचं नाव दिसलं तेव्हा ६५ टक्क्यांनी. मजकूर अक्षरन् अक्षर तोच! आमच्यासारख्या कॉलेजातली पोर यातल्या कुठल्या रांगेत बसते, ते सांगायला नको.

एक सहकारी म्हणाले, मग ‘सोलापूर’ही काढा. मला पटत नाही. मागांची जात, शेडची ठेवण, पाळ्यांच्या वेळा, सगळं या गावाचं आहे. कुणी अंदाज बांधला तर बांधू दे.

काल रात्री पुन्हा फाईल तपासली. मजकुरातलं नाव गेलं होतं, पण वर्डच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखक म्हणून तिचं पूर्ण नाव तसंच होतं. तेही पुसलं. आभाराचं पान पेपर स्वीकारला जाईपर्यंत वेगळ्या फाईलमध्ये ठेवलंय. तपासणीसाठी पाळी संपल्यावर थांबलेल्या कामगारांचे आभार त्यात आहेत.