बिस्किट टाकता, मग नावही लावा

गल्लीतल्या कुत्र्याला रोज बिस्किट टाकणाऱ्या माझ्या सगळ्या कोल्हापूरकरांना एक विनंती आहे. बिस्किट टाकता ना, मग त्या कुत्र्याला तुमचं नावही लावा. त्याची नसबंदी झालीय का, रेबीजची लस कधी टोचली, पिल्लं झाली तर ती कुठं जाणार, उद्या ते कुणाला चावलं तर पुढं कोण येणार? या सगळ्याला "मी" म्हणणारा एक तरी माणूस प्रत्येक कुत्र्यामागं पाहिजे. तो नसतो म्हणून कुत्रीही मरतात आणि माणसंही.

आमच्या घरात सहा गावठी कुत्री आहेत आणि सहाही रस्त्यावरनं आलेली. पाचगावात बैठं घर, पुढं अंगण, मागं जांभळाचं झाड. सासूबाई, आम्ही दोघं, मुलगी आणि ही सहा. इतकी वर्षं त्यांच्यात राहून जे कळलं ते लिहिते.

सगळ्यात थोरली राणू. 2021 च्या जुलैत पंचगंगेला पूर आला तेव्हाची. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांवर गेलं की ती धोक्याची पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. 2019 च्या महापुरानं शहाणी झालेली माणसं त्या वर्षी लवकर बाहेर पडली, म्हशी-गाई वर काढल्या. कुत्री मात्र बरीच मागं राहिली. काही तर साखळीला बांधलेलीच. राणूच्या गळ्यात तुटक्या दोरीचा तुकडा होता. म्हणजे ती कुणाची तरी होती. अजूनही पत्र्यावर पाऊस जोरात वाजायला लागला की ती उठून दाराशी जाऊन उभी राहते, आणि बाकीची पाचही उठतात. पावसाची भीती त्यांना नाही. राणू उठली म्हणून ती उठतात.

यावरनं पुष्कळ जण म्हणतात, "म्हणजे ही तुमच्या कळपाची अल्फा." तसं नाही. अल्फाची, म्हणजे बळावर कळप ताब्यात ठेवणाऱ्या म्होरक्याची, कल्पना 1947 साली प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी मांडली, ती पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांकडं बघून. पुढं लांडग्यांचे अभ्यासक असलेल्या ज्या डेव्हिड मेच यांच्या पुस्तकामुळं ती जगभर पसरली, त्यांनीच मोकळ्या रानातले लांडगे बघून ती मागं घेतली. रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. कुत्र्याला जमिनीवर दाबून धरा, त्याच्या आधी तुम्ही जेवा, त्याला त्याची जागा दाखवा, असले सल्ले आजही लोक छातीठोकपणे देतात. मार खाऊन आलेल्या कुत्र्यावर हे करून बघणाऱ्यानं ते चावलं म्हणून तक्रार करू नये. राणूला कुणीही काही बळानं दिलेलं नाही. ती भांडत नाही, कुणाच्या ताटलीत तोंड घालत नाही आणि नवीन आलेल्याला घाई करत नाही, म्हणून बाकीची तिच्याकडं बघून वागतात.

ताटल्यांचं सांगायलाच पाहिजे, कारण एका घरात अनेक कुत्री राहतात ती बरीचशी ताटल्यांच्या शिस्तीवर. सहा ताटल्या, सहा जागा. राणूची तुळशीकट्ट्याजवळ, भैरूची जिन्याखाली, चिंगी आणि मिरची या बहिणींची अंगणाच्या दोन टोकांना, सोन्याची मोरीपाशी, आणि आजी नावाच्या म्हाताऱ्या कुत्रीची थेट स्वयंपाकघरात, कारण तिला दात उरलेले नाहीत आणि खायला वेळ लागतो. जागा रोज त्याच, वेळ रोज तीच, आणि खाऊन झालं की ताटल्या लगेच उचलायच्या. उपाशी वाढलेल्या कुत्र्याला वाटतं की हे अन्न परत मिळणार नाही, म्हणून ते गुरगुरतं. उद्याही याच जागी, याच वेळी मिळणार आहे हे त्याच्या अंगात मुरायला महिने जातात. ते मुरलं की गुरगुर आपोआप ओसरते, ओरडावं लागत नाही.

नवीन कुत्रं एकदम घरात आणायचं नाही. आधी कॉलनीच्या बाहेर, जिथं कुणाचाच हक्क नाही अशा रस्त्यावर, राणूबरोबर लांबनं समांतर चालवायचं. मग दुसऱ्याबरोबर. मग एकमेकांचा वास. घराचा उंबरा सगळ्यात शेवटी. भैरूला महामार्गावर गाडीनं उडवलं होतं, पुढचा डावा पाय काढावा लागला. तो आला तेव्हा कुणी मागनं गेलं तरी वळून दात दाखवायचा. त्याला या घरात माणसांनी नाही, राणूनं वसवलं. ती रोज त्याच्यापासनं हातभर लांब बसायची, त्याच्याकडं पाठ करून. कुत्र्यांच्या भाषेत पाठ करून बसणं म्हणजे "मी तुला काही करणार नाही." आम्ही माणसं मात्र प्रेमापोटी समोरनं जातो, डोळ्यात डोळे घालतो आणि डोक्यावर हात ठेवतो. घाबरलेल्या कुत्र्याला या तिन्हीचं भय वाटतं. लहान मुलांना हे एवढं जरी शाळेत शिकवलं तरी किती चावे वाचतील.

आता खाण्याबद्दल, आणि इथं मला कोल्हापुरावर थोडं रागवायचंय. रविवारी आपल्याकडं मटण शिजतं, आणि उरलेली हाडं तांबड्या रश्श्यासकट गल्लीतल्या कुत्र्यांपुढं जातात. देणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि आपला मसाला तर कांदा-लसणाचाच. शिजलेलं हाड चावलं की त्याच्या अणकुचीदार कपऱ्या होतात, त्या घशात नाहीतर आतड्यात घुसतात. द्राक्षं आणि चॉकलेटही नको. बिस्किट म्हणजे मैदा आणि साखर, त्यानं पोट भरल्यासारखं होतं एवढंच. आमच्याकडं ज्वारीची भाकरी नाहीतर भात, त्यात कोंबडीचं मांस हाडापासनं सोडवून, लाल भोपळा, कधी अंडं. मीठ-तिखट नाही. चिकनच्या दुकानात पाय आणि मान स्वस्तात मिळतात. द्यायचंच असेल तर हे शिजवून, हाडं काढून द्या.

आजारपणं रस्त्यावरच्या कुत्र्यांना घेरूनच असतात. पार्वो झाला की पिल्लू रक्ताचं हगतं आणि दोन-तीन दिवसांत जाऊ शकतं. तो विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, म्हणून जिथं पार्वोनं पिल्लू गेलं त्या अंगणात लस न टोचलेलं दुसरं पिल्लू आणू नये. गोचिडांचा ताप फार कपटी असतो: कुत्रं नुसतं सुस्त दिसतं, आणि तेवढ्यात रक्तातल्या प्लेटलेट उतरून नाकातनं रक्त यायला लागतं. सोन्या आला तेव्हा त्याला लिंगावर गाठ होती. रस्त्यावरच्या कुत्र्यांत ही गाठ मिलनातनं एकाकडनं दुसऱ्याकडं जाते. कॅन्सरचाच प्रकार, पण दर आठवड्याला एक याप्रमाणं काही इंजेक्शनं दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. लोक ते रक्त बघून त्याला हाकलत होते. औषध होतं, नेणारं कुणी नव्हतं.

म्हणून नसबंदी. कुत्रीचा गाभणकाळ साधारण 63 दिवसांचा. एका वेताला चार-सहा पिल्लं, कधी जास्तही. त्यातली बरीचशी गाडीखाली, पार्वोनं नाहीतर भुकेनं जातात, आणि जी जगतात ती पुढच्या वर्षी आणखी घालतात. नसबंदी झाली की ही गाठ पसरणं थांबतं, माजावरच्या कुत्रीमागं नरांच्या झुंडी धावणं थांबतं, पिल्लं राखणाऱ्या आईचं अंगावर येणं थांबतं. शहरातले कितीतरी चावे याच दोन वेळी होतात. "निसर्गाच्या विरुद्ध आहे" म्हणणाऱ्या एका काकांना मी एवढंच विचारलं, की डांबरी रस्ता, कचऱ्याचा कोंडाळा आणि त्यात जन्मणारी पिल्लं यात निसर्ग कुठं आहे?

रेबीजबद्दल कुत्र्यांवर प्रेम करणाऱ्यांनी सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्पष्ट बोललं पाहिजे. लक्षणं दिसायला लागल्यावर या रोगातनं माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. कुत्रं चावलं, ओरखडलं किंवा उघड्या जखमेला त्याची लाळ लागली, तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं निदान 15 मिनिटं जखम धुवा. चुना नाही, तिखट नाही, हळद नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. लस आणि, कातडी फाटून रक्त आलं असेल तर, जखमेत टोचायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं. लसीचे सगळे डोस वेळच्या वेळी पूर्ण करायचे. आम्ही घरातल्या सगळ्यांनी आधीच प्रतिबंधक लस घेतलीय. सहा कुत्र्यांच्या घरात ती पाहिजेच. आणि ज्या आईच्या लेकराला कुत्रं चावलंय तिच्यासमोर "तुम्हीच त्याला छेडलं असेल" असं प्राणीप्रेमींनी कधीही म्हणू नये. तिची भीती खरी आहे. तिला दवाखान्यात घेऊन जा, आणि नंतर त्या कुत्र्याचं काय करायचं ते बघा.

2025 चा ऑगस्ट मला विसरता येत नाही. नांदणी मठाची महादेवी हत्तीण गुजरातला नेली होती, ती परत यावी म्हणून महिन्याच्या सुरुवातीला हजारो माणसं पायी चालत कोल्हापुरात आली. जनावर म्हणजे घरातलं माणूस, हे आपल्या जिल्ह्यानं सगळ्या देशाला दाखवलं. त्यानंतर आठवड्याभरानं, 11 ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं, आणि महादेवीसाठी रडलेल्या काही जणांनी लिहिलं, "आपल्याकडंही न्या एकदाची." मला वाईट वाटलं. पुढं 22 ऑगस्टला मोठ्या खंडपीठानं तो आदेश बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं जिथलं तिथं सोडायचं, रेबीज झालेलं किंवा हिंसक कुत्रं सोडायचं नाही, खाऊ घालायला ठरावीक जागा हव्यात, आणि ज्याला दत्तक घ्यायचंय त्यानं स्थानिक संस्थेकडं अर्ज करायचा, मात्र ते कुत्रं परत रस्त्यावर येता कामा नये. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातनं कुत्री हलवायचा आदेश आला.

जिथलं तिथं सोडायचं ही गोष्ट लोकांना पटत नाही. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही तेच आहे, आणि त्याला कारण आहे. कुत्री आपली हद्द राखतात. गल्लीतली लस टोचलेली, नसबंदी झालेली, त्याची खूण म्हणून कानाला खाच असलेली चार कुत्री उचलली, की कोंडाळ्यातलं अन्न तसंच राहतं आणि त्यावर बाहेरची, लस नसलेली, पिल्लं घालणारी कुत्री येतात. कचरा उघडा ठेवून कुत्री कमी होणार नाहीत. पण ही पद्धत चालायची तर प्रत्येक गल्लीत कोणत्या कुत्र्याची नसबंदी झालीय आणि कोणत्याची राहिलीय हे माहीत असणारा माणूस लागतो. आमच्या गल्लीत आता तिघीजणी वही ठेवतात: रंग, खुणा, लसीची तारीख. तालमीतली पोरं पकडायला मदत करतात. भांडणं निम्म्यानं कमी झाली, कारण तक्रार कुणाकडं करायची ते आता ठरलंय.

शेजाऱ्यांचंही म्हणणं असतं आणि ते ऐकायचं असतं. रात्री दहानंतर आमची सहाही आत असतात. फिरायला नेलं की घाण आम्ही उचलतो. विसर्जन मिरवणुकीच्या साउंड सिस्टिमला आणि दिवाळीच्या फटाक्यांना मात्र आमच्याकडं उपाय नाही. खिडक्या बंद करून पंखे लावून बसायचं. आजी तेव्हा सासूबाईंच्या पलंगाखाली जाते. ही आजी कपिलतीर्थ मंडईत भाजीच्या गाड्याखाली म्हातारी झालेली. तिला आणलं तेव्हा नातेवाईक म्हणाले, "आता हिला घेऊन काय मिळणार?" तिला रोज कोमट भात मिळतो. तिला घ्यायला तेवढं कारण मला पुरेसं होतं.

सहा पाळा असं मी कुणालाच सांगणार नाही. वेळ लागतो, पैसे लागतात, गावाला जाताना घरात एक माणूस मागं ठेवावं लागतं. एक पाळा. विकतचा हस्की इथल्या एप्रिलमध्ये धापा टाकत ठेवण्यापेक्षा याच हवेत घडलेलं गावठी आणा.

आणि मादी आणा. हे मला जीव तोडून सांगायचंय. पिल्लं दत्तक द्यायची म्हटलं की पहिला फोन येतो तो "नर आहे का?" असा. नर जातात. माद्या उरतात, आणि मग पोत्यात घालून कुठंतरी सोडल्या जातात. चिंगी आणि मिरची तशाच पोत्यातनं आल्या, भावंडं आत आधीच गेलेली. मादी पिल्लं घालेल ही भीती असेल तर एका शस्त्रक्रियेत ती संपते.

आत्ता माझ्याकडं दोन माद्या आहेत. एक तांबूस, एक काळी आणि पायांत पांढरे मोजे असलेली. अडीच महिन्यांच्या. जंताचं औषध आणि पहिली लस झालीय. पुढच्या लसी आणि सहा-सात महिन्यांनी नसबंदी मी स्वतः बरोबर येऊन करून देईन. घरातल्या सगळ्यांना घेऊन या, आजी-आजोबांनासुद्धा, कारण दिवसभर घरात तेच असतात. गच्चीवर साखळीला बांधून ठेवणार असाल किंवा शेताच्या राखणीला सोडणार असाल तर देणार नाही. पहिलं वर्षभर मी अधूनमधून बघायला येईन, आणि काही कारणानं जमलंच नाही तर पिल्लू परत माझ्याकडं द्यायचं, दुसऱ्या कुणाकडं नाही. दोघी एकत्र नेल्या तर फार बरं होईल. इनबॉक्स करा.