इंजिन बंद ठेवून गळती कशी शोधायची: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा थोडा राग आला. दुसऱ्यांदा लक्षात आलं की निम्मा दोष माझ्या लिहिण्याचाच आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुमच्या जुन्या इंजेक्शनच्या (पेट्रोल प्रेशरने फवारणाऱ्या) गाडीला सकाळी चालू केल्या केल्या पेट्रोलचा वास येतो आणि दोन-तीन मिनिटांत आपोआप जातो. मी लिहिलं होतं, वास आला की इंजिन चालू करू नका, आधी गळती शोधा. तुम्ही विचारता, इंजिन बंद असताना गळतच नाही, मग शोधायचं काय, कपाळ? दुसरं, ‘सगळ्या रबरी नळ्या एकदम बदला’ हा माझा सल्ला म्हणजे निदान नव्हे, आंधळा खर्च आहे. आणि तिसरं, तुम्ही आयुष्यभर कार्ब्युरेटरच्या गाड्या सांभाळल्यात, क्लॅम्प (नळीवरचा पट्टा) आवळला की काम होतं, तेव्हा लोकांना उगाच घाबरवू नका, असं तुम्ही मला सांगता.

पहिला मुद्दा मान्य. प्रेशर नसेल तर प्रेशरच्या बाजूची गळती दिसणार नाही, हे मी लिहायला हवं होतं आणि लिहिलं नाही. पण प्रेशर हवं म्हणजे इंजिन चालू हवं, असं नाही. कार्ब्युरेटरच्या बऱ्याच गाड्यांत पंप इंजिनच्या जोरावर चालतो, म्हणून आपल्या हाताला तशी सवय लागलेली असते. इंजेक्शनच्या गाडीत पंप विजेवर चालतो. तो एकटा चालवता येतो, आणि गळती शोधायला तेवढं पुरतं. इंजिन फिरायला लागलं की डिस्ट्रिब्युटरमध्ये ठिणग्या, अल्टरनेटरच्या ब्रशवर ठिणग्या, तापत जाणारा एक्झॉस्ट आणि वर पंखा, जो गळणाऱ्या पेट्रोलचे तुषार सगळीकडे उडवतो. त्यात डोकं घालून थेंब शोधायचा नाही, एवढंच मला म्हणायचं होतं.

पंप एकटा कसा चालवायचा, हे यंत्रणेवर अवलंबून आहे. बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही इंजेक्शन यंत्रणा, जी 1967 साली फोक्सवॅगन 1600 वर आली, तिच्यात किल्ली फिरवली की पंप एखाद-दोन सेकंद चालतो आणि थांबतो. चार-पाच वेळा किल्ली मागे-पुढे केली की प्रेशर चढतं. बॉशच्याच सुरुवातीच्या एल-जेट्रॉनिकमध्ये नुसती किल्ली फिरवून काहीच होत नाही. पंपाचा संपर्क एअरफ्लो मीटरच्या (आत जाणारी हवा मोजणाऱ्या भागाच्या) फ्लॅपमागे असतो. हवा आत ओढली गेली, फ्लॅप हलला, तरच पंप चालतो. अपघातात इंजिन बंद पडलं तर पंप पेट्रोल ओतत राहू नये, म्हणून केलेली ती सोय. बरेच जण किल्ली फिरवतात, बॉनेट उघडून टॉर्च मारतात, ‘कुठे काही नाही’ म्हणतात आणि बॉनेट लावतात. बिचाऱ्या पंपाने तोवर हालचालही केलेली नसते. तिथे किल्ली चालू ठेवून, एअर फिल्टरच्या बाजूने फ्लॅप बोटाने हलकेच ढकलायचा. इग्निशनचे पल्स नसल्यामुळे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी तोंडं) उघडत नाहीत, फक्त प्रेशर चढतं.

बॉशच्या तिसऱ्या यंत्रणेत, के-जेट्रॉनिकमध्ये, मात्र हा प्रयोग अजिबात करू नका. तिथे पंप चालू असताना सेन्सर प्लेट (हवा मोजणारी चकती) हलवली की सगळे इंजेक्टर आत पिचकारी मारतात आणि इंजिन पेट्रोलने भरतं. तिथे पंपाचा रिले काढून, वायरिंगचा नकाशा समोर ठेवून, फ्यूज लावलेल्या तारेने पंप चालवायचा आणि प्लेटला हात लावायचा नाही.

हे सगळं उघड्यावर करायचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती गाडीखाली आणि खड्ड्यात साठते, आणि पेट्रोल उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. त्यामुळे ‘आज गारवा आहे’ याला अर्थ नाही. पावडरचं अग्निशामक हाताशी हवं, साधा बल्ब नको, एलईडी टॉर्च हवा. एकाने फ्लॅप किंवा स्विच धरायचा, दुसऱ्याने बघायचं, धार दिसली की ओरडायचं.

आता तुमच्या गाडीविषयी, कारण खरी गंमत तिथे आहे. सकाळी वास येतो आणि दोन-तीन मिनिटांत जातो, यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष असा की गळती बारीक आहे आणि गरम झाल्यावर बंद होते. तसं असू शकतं. इंजेक्टरच्या ओ-रिंगचं (रबरी कडीचं) किंवा नळीच्या टोकाचं रबर वय झालं की कडक होतं. थंडीत ते आकसतं, फट पडते. ऊब मिळाली की जरा मऊ होऊन फुगतं आणि फट मिटते. पण दुसऱ्या दोन शक्यता तुम्ही धरलेल्याच नाहीत. एक, गळती थांबलेलीच नाही, फक्त खालचा धातू इतका तापलाय की थेंब पडण्याआधीच त्याची वाफ होते आणि ती पंखा उडवून नेतो. शिवाय नाक दोन-तीन मिनिटांत त्या वासाला सरावतं. चार मिनिटं घराबाहेर चक्कर मारून परत या आणि मग सांगा वास गेला की नाही. दुसरी शक्यता याच्या अगदी उलट: गळतीच नाही. थंड इंजिनला यंत्रणा मुद्दाम जास्त पेट्रोल देते आणि त्यातलं काही न जळता एक्झॉस्टमधून बाहेर पडतं. म्हणून वास बॉनेटपाशी येतो की गाडीच्या शेपटीकडे, हे आधी ठरवा. या एका प्रश्नाने कित्येकांचे दोन रविवार वाचतील.

वास केव्हा येतो, हा प्रश्न कुठे येतो याच्याइतकाच मोलाचा आहे. रात्रभर उभ्या गाडीखाली डाग पडत असेल तर टाकी आणि टाकीपासून पंपापर्यंतची नळी बघा, तिथे पेट्रोल नुसत्या वजनाने उतरतं, पंपाची गरज नसते. टाकी काठोकाठ भरली की आणि वळणावरच वास येत असेल तर फिलरची रबरी मान किंवा टाकीच्या वरच्या बाजूच्या वाफेच्या नळ्या. चालू केल्याक्षणी येत असेल तर पंपापासून रेल (इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी) आणि इंजेक्टरपर्यंतची प्रेशरची बाजू. गाडी बाहेरून कोरडी ठणठणीत, पण काळा धूर, ओले प्लग आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास असेल, तर प्रेशर रेग्युलेटरची (पेट्रोलचं प्रेशर ठरावीक ठेवणाऱ्या भागाची) व्हॅक्यूमची नळी उपसून बघा. ती आतून ओली निघाली तर त्याचा आतला पडदा (डायफ्रॅम) फाटलाय, आणि तुमची गळती सरळ मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) होतेय. जमिनीवर एक थेंब पडणार नाही, आणि तेलात मिसळणारं पेट्रोल बेअरिंगांचं वाटोळं करेल.

थेंब दिसला की तिथेच पाना लावायचा मोह होतो. मी तो आवरला नव्हता. माझ्या गाडीत रेलच्या मागच्या टोकाला थेंब लोंबत होता. मी तिथला क्लॅम्प आवळला, थेंब गेला, मी खूश. तीन दिवसांनी थेंब परत, तिथेच. पुन्हा आवळला. या खेपेला नीट साफ करून, कोरडं पुसून, टिश्यू पेपरचं टोक वळून एकेक सांधा टिपत गेलो. ओलं लागलं ते दोन इंजेक्टर अलीकडे, नळीच्या सुती विणीखाली. पेट्रोल त्या विणीतून वातीसारखं सरकत, रेलवरून ओघळत, सगळ्यात खालच्या जागी येऊन थेंबाचं रूप घेत होतं. पहिल्यांदा थेंब गेला तो माझ्या पान्यामुळे नाही, त्या दिवशी इंजिन तापलेलं होतं म्हणून.

याच कारणाने डोळ्यांआधी प्रेशरचं गेज. एल-जेट्रॉनिकमध्ये कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्हच्या (थंड इंजिनला जादा पेट्रोल देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) नळीवर टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून गेज बसवा, पंप चालवा, आकडा चढू द्या, पंप बंद करा आणि काट्याकडे बघत बसा. तो भराभर पडत असेल तर पंप पुन्हा चालवून, थांबवून लगेच रिटर्नची (टाकीकडे परत जाणारी) नळी चिमटा. काटा थांबला तर रेग्युलेटर. नाही थांबला तर तसंच पुन्हा करून पुरवठ्याची नळी चिमटा. थांबला तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारी झडप) किंवा मधली नळी. दोन्ही चिमटूनही पडत असेल तर पुढे कुठेतरी: इंजेक्टर, कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह किंवा खरीखुरी बाहेरची गळती. चेक व्हॉल्व्ह खराब असेल तर गरम गाडी चालू व्हायला त्रास देईल, पण वास येणार नाही. काटा पडतो म्हणजे गळतंच असं नाही, हे लक्षात ठेवा. आणि चिमटायचं ते फक्त नवीन नळीला, गुळगुळीत जबड्याच्या चिमट्याने. जुनी चिमटलीत तर तुम्हीच नवी गळती तयार कराल.

जिथे नवीन नळीच नाही तिथे ही चाचणी करता येत नाही, आणि इथेच तुमचा दुसरा आक्षेप येतो. कार्ब्युरेटरला पंप साधारण 0.2 ते 0.3 बारने पेट्रोल देतो. डी-जेट्रॉनिकमध्ये 2 बारच्या आसपास, एल-जेट्रॉनिकमध्ये 2.5 किंवा 3, के-जेट्रॉनिकमध्ये 5 च्या जवळपास. शिवाय पंप मिनिटाला लिटरभर किंवा त्याहून जास्त पेट्रोल फिरवत असतो, इंजिनला न लागलेलं टाकीत परत जातं. म्हणजे फुटलेली नळी इंजिनपुरतं नाही, पंपाला जमेल तेवढं पेट्रोल बाहेर टाकते. कार्ब्युरेटरवर क्लॅम्प आवळून वेळ भागते. इथे छिद्रांचा साधा जुबिली क्लॅम्प करकचून आवळला की त्याच्या खाचा रबरात रुततात, आतला थर कापला जातो, आणि पुढची गळती क्लॅम्पच्या काठावरून सुरू होते. इंजेक्शनला आतून गुळगुळीत पट्टीचा क्लॅम्प लागतो आणि नळीवर एसएई जे30 आर9 ही दर्जाची खूण छापलेली हवी. आर7 दिसायला तशीच असते, मापही बसतं, पण ती कार्ब्युरेटरसाठी आहे. आर9 ला आतून फ्लुओरोइलास्टोमर या खास रबराचा थर असतो, त्यामुळे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोलही ती सोसते. जुन्या साध्या रबराला ते सोसत नाही. तेव्हा एक थेंबही न पडता अख्खी नळी घामेजते आणि गाडीला कायम वास येतो. तो वास कोणत्याही सांध्यावर सापडणार नाही.

सगळ्या नळ्या एकाच दिवशी बसवलेल्या असतात, एकाच उन्हातान्हात आणि एकाच पेट्रोलमध्ये म्हाताऱ्या झालेल्या असतात. एक फाटली म्हणजे बाकीच्या रांगेत आहेत. तरी तुमचं एक म्हणणं खरं आहे: आधी बदलायच्या आणि मग बघायचं, हा क्रम चुकीचा. आधी शोधा, नक्की कुठे ते लिहून ठेवा, मग सगळ्या बदला. नाहीतर रेग्युलेटर फाटलेला असेल आणि तुम्ही नव्या कोऱ्या नळ्यांवर हात फिरवत वास कुठून येतो म्हणून डोकं खाजवत बसाल.

काढलेल्या नळ्या लगेच फेकू नका. ज्यांना काही झालेलं नाही असं तुम्हाला वाटतं, त्यांतल्या दोन-तीन नीट वाळू द्या आणि ब्लेडने उभ्या चिरा. क्लॅम्पच्या खालची आतली बाजू नखाने घासून बघा, तिथला थर सुटतो की नाही ते. मग खर्च आंधळा होता का, ते मला पुन्हा लिहा.