सूर्यफुलांची पट्टी

"वहिनी, यंदा गणपतीला याच. शाळा बुडू दे, दंड भरा. ८० पौंड तुम्हाला काय जड आहेत?" धाकटे दीर रत्नागिरीहून फोनवर एवढंच म्हणाले असते तर मी हसून सोडून दिलं असतं. (इथे इंग्लंडमध्ये मुलाची शाळा विनापरवानगी बुडवली की आईबापांना दंड होतो.) पण पुढे म्हणाले, "आणि त्याच्या गळ्यात तो पट्टा घालू नका हो. बरं दिसत नाही. आपल्याकडे माणसं आहेत, आपल्याला पट्टे लागत नाहीत."

चार दिवस झाले, हे वाक्य डोक्यातून जात नाही.

पट्टा म्हणजे हिरव्या फितीवर पिवळी सूर्यफुलं. ज्याचं अपंगत्व चेहऱ्यावर दिसत नाही, त्याच्यासाठी २०१६ साली लंडनच्या गॅटविक विमानतळावर ही पट्टी सुरू झाली. आमचा लेक नऊ वर्षांचा आहे, स्वमग्न म्हणजे ऑटिस्टिक आहे. दिसायला उंच, गोरागोमटा, गालावर खळी. तो सिक्युरिटीच्या रांगेत जमिनीवर आडवा झाला की बघणाऱ्याला वाटतं, आईबापांनी लाडावून ठेवलाय. गळ्यात पट्टी असली की समोरचा माणूस आवाज खाली आणतो, एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. तेवढ्या थांबण्यावर आमचा अख्खा प्रवास तरतो. आता भारतातल्या काही विमानतळांवरही ही पट्टी ओळखतात. म्हणजे ही काही गोऱ्यांची थेरं राहिलेली नाहीत.

"माणसं आहेत" म्हणताना आपण काय म्हणतो, ते एकदा नीट बघू या. मे २०२२ मध्ये रांचीच्या विमानतळावर एका विशेष मुलाला विमानात चढू दिलं नाही. मूल घाबरलं होतं, त्याचे आईवडील त्याला शांत करत होते. माणसं तिथेही होतीच. सहप्रवासी त्या कुटुंबाच्या बाजूने उभे राहिले, त्यांत डॉक्टरही होते. तरी विमान त्या तिघांना सोडून गेलं. पुढे डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, विमान कंपनीला पाच लाखांचा दंड केला आणि नियम बदलला, की अपंगत्वाच्या कारणावरून कुणाला प्रवास नाकारता येणार नाही. तेव्हा आमच्याच घरात फोनवर मी ऐकलं होतं, "पण बाकीच्या प्रवाशांनी काय करायचं?" बोलणारे हेच भाऊजी. मनाने वाईट नाहीत ते. माझ्या लेकासाठी दरवर्षी आंब्याची साठं करून ठेवतात. पण त्या दिवशी ते मनोमन त्या मुलाच्या मागच्या सीटवर बसले होते आणि मी त्या आईच्या जागी.

आम्ही सुट्टीची तयारी जानेवारीत सुरू करतो. आधी पुस्तक तयार करतो. एकेका पानावर एकेक फोटो: बॅग, विमान, मुंबई, रेल्वे, रत्नागिरीचं घर, आजीची खोली, मोरी. रोज रात्री ते वाचायचं, म्हणजे गेल्यावर काही अनोळखी उरत नाही. इथल्या शाळांना सुट्टी लागते जुलैच्या अखेरीस, म्हणजे आमच्या वाट्याला कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रकच येतं. गाड्या हळू चालतात आणि बोगदे लांबतात. याला बोगदे आवडतात, पण बोगदा किती वेळ चालणार हे आधी कळायला हवं. उक्षी स्टेशन गेलं की मी पर्समधून वाळूचं घड्याळ काढते. कारबुडेचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. काळोख झाला की मोबाइलचा उजेड त्या वाळूवर धरायचा. तो कानांवर हेडफोन दाबून वाळू बघत बसतो. उजेड आला की "संपला" म्हणतो, आणि डब्यातले लोक आमच्याकडे बघतात.

दोन वर्षांपूर्वी गेलो तेव्हा घरच्यांनी हौसेने मोरी पाडून नवीन बाथरूम बांधलं होतं. पुस्तकातला निळा पिंप नव्हता, तांब्याचा बंब नव्हता. आम्हाला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता म्हणे. तीन दिवस तो पोरगा आंघोळीला गेला नाही, दारात उभा राहून पुस्तकातलं पान दाखवत ओरडत होता. "दोन फटके द्या, सुतासारखा सरळ होईल," असं शेजारच्या काकू म्हणाल्या. हीसुद्धा माणसंच.

लेबल नको, असं आपल्याकडे फार म्हणतात. खरं तर अपंगांसाठीचा कायदा आपल्याकडेही आहे. १९९५ च्या कायद्यात स्वमग्नतेचं नावच नव्हतं, २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आले आणि त्यांत ती आली. नाव नव्हतं तोवर अशा मुलांना काय म्हणायचे ते सगळ्यांना ठाऊक आहे. वेडं, अर्धवट, मतिमंद. लेबल तेव्हाही होतंच, फक्त ते आईने निवडलेलं नव्हतं.

इतकं सगळं भाऊजींना सुनवायचं म्हणून मी लिहून काढलं, आणि मग मला झोप आली नाही.

कारण मी त्यांना ईएचसीपीसाठी, म्हणजे लेकाला शाळेत लागणाऱ्या खास मदतीच्या सरकारी आराखड्यासाठी, रात्री जागून लिहिलेल्या पत्रांबद्दल कधी बोलले नाही. निदानासाठी अडीच वर्षं थांबलो, त्याबद्दलही नाही. आमच्याकडे ब्लू बॅज, म्हणजे अपंगांसाठीचा पार्किंगचा परवाना आहे, पण या गल्लीत सहा वर्षं राहून एकही शेजारी आमच्या स्वयंपाकघरात आलेला नाही. इथे सगळे समजून घेतात आणि आपापल्या दारात निघून जातात.

आणि सासूबाई. त्यांनी ऑटिझम हा शब्द अजून नीट उच्चारलेला नाही. दुपारी त्या सूप घेऊन तांदूळ निवडायला बसल्या की हा त्यांच्या शेजारी आडवा पडतो आणि मूठ तांदळात खुपसून ठेवतो. त्या त्याला "माझ्याकडे बघ" म्हणत नाहीत, काही विचारत नाहीत. त्याच्या मुठीच्या कडेकडेने खडे वेचत राहतात. तासभर. इथे मी सेन्सरी रूमसाठी, म्हणजे अशा मुलांना शांत करणाऱ्या खास खोलीसाठी, अर्ध्या तासाचं आधी नाव नोंदवते, त्या खोलीत तो इतका वेळ कधीच टिकलेला नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही. दोन वर्षांपूर्वीच्या त्याच खेपेला मुंबईला उतरल्यावर, सामान घेऊन बाहेर पडायच्या आधी, मी लेकाच्या गळ्यातली पट्टी काढून पर्समध्ये टाकली होती. बाहेर सासूबाई, भाऊजी, जाऊबाई, चुलत सासरे, सगळी न्यायला आली होती. मला कुणी काढ म्हटलं नव्हतं. गॅटविकला अनोळखी माणसांसमोर मान ताठ ठेवून घातलेली पट्टी मला माझ्याच माणसांसमोर नको झाली. गाडीत बसेपर्यंत तो गळ्यावर हात फिरवत "फुलं, फुलं" म्हणत होता आणि मी त्याला रस्त्यावरच्या बसेस दाखवत होते.

भाऊजी म्हणाले ते मला इतकं झोंबलं, ते यामुळे. ते जे बोलले ते मी आधीच करून बसले होते.

यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत. मला यायचं आहे. ढोल गल्लीत शिरण्याआधी घरात कुणीतरी ओरडून सांगायला हवं. आरतीच्या वेळी तो मागच्या खोलीत बसेल, त्याला ओढून पुढे आणायचं नाही. फटाके अंगणात नकोत. स्टेशनवर दोघांनीच या, बाकीचे घरी भेटा. पट्टी गळ्यात असेल, घरातसुद्धा. आणि भाऊजी, नव्या बाथरूमचा एक फोटो पाठवा. नळ आणि बादली दोन्ही दिसतील असा, म्हणजे जुन्या पानावर चिकटवता येईल.