घंटी वाजवणारं सॉफ्टवेअर

मुलीकडं अमेरिकेला जायचं ठरलं. आम्ही दोघं आणि मिरजेचे व्याही-विहीणबाई. मध्येच कॅसिनोंचं लास व्हेगासही आहे, हे कळल्याबरोबर व्याह्यांचा फोन आला, "दादासाहेब, व्हिडिओ पोकरचा सराव सुरू केलाय. पाच लाख नाणी झाली!"

ही नाणी मोबाईलवरच्या फुकट गेममधली. पण मिरज पुढं गेली म्हटल्यावर सांगलीकराला झोप कशी लागणार?

व्हिडिओ पोकर म्हणजे कॅसिनोतल्या मशीनवरचा पत्त्यांचा जुगार. सरावाला इथं ते मशीन मिळणार नाही. महाराष्ट्रानं १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला, तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ साली रद्दही करून टाकला. राहिला कॉम्प्युटर. जावईबापूंनी सरावाच्या सॉफ्टवेअरची नावं कळवली: विनपोकर, फ्रुगल व्हिडिओ पोकर, व्हिडिओ पोकर फॉर विनर्स. नावांवरून निवडायचं तर शेवटचंच घेतलं असतं, पण मी हळदीच्या पेढीवर दिवाणजी होतो. माल हाताळल्याशिवाय भाव बोलत नाही.

खेळ तसा सोपा. पाच पत्ते येतात, हवे ते ठेवायचे, नको ते एकदाच बदलून घ्यायचे. समोर कुणी बसलेलं नसतं, त्यामुळं थापा मारायचीही सोय नाही. 'जॅक्स ऑर बेटर' प्रकारात निदान गुलामांची जोडी लागली तर लावलेलं नाणं परत मिळतं. खरी गोम बक्षिसांच्या तक्त्यात आहे. एका नाण्याला फुल हाउसला (तीन सारखे पत्ते आणि एक जोडी) ९ आणि फ्लशला (पाचही पत्ते एकाच जातीचे) ६ देणारं मशीन असेल, पाच नाणी लावली आणि एकही चूक केली नाही, तर सरासरी शंभरातले ९९.५४ परत येतात. म्हणजे शेकड्याला ४६ पैसे घट. इतकी कमी घट हळदीतसुद्धा कुणी धरत नाही! ९ आणि ६ च्या जागी ८ आणि ५ दिसले, की परतावा ९७.३० वर येतो. मशीन बाहेरून तेच, दिवे तेच. तेव्हा तक्ता बदलून सराव करता येईल असंच सॉफ्टवेअर हवं, ही माझी पहिली अट.

दुसरी अट म्हणजे, चुकलं की त्यानं बोललं पाहिजे. व्याह्यांचा गेम काहीही केलं तरी टाळ्या वाजवतो. कौतुक करायला आमच्या गल्लीत माणसं कमी आहेत का?

कॉम्प्युटरच्या दुकानातल्या पोरानं स्क्रीनकडं आणि मग माझ्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं. "काका, काकूंना माहीत आहे न्हवं?" मग त्यानं माझी सगळी निवड अँटिव्हायरसच्या हवाली केली. एक प्रोग्राम त्यानं दारातच अडवला. दुसरा चालू झाला, पण अक्षरं एवढी बारीक की इस्पिक कुठलं आणि किलवर कुठलं ते भिंगातून बघावं लागे. जो शेवटी उरला त्याला डॉलर मोजले. सौ.ला आकडा रुपयांत सांगितला नाही.

हे सॉफ्टवेअर फार कडक. पाच पत्त्यांतले कुठले ठेवायचे याचे ३२ प्रकार होतात. ते सगळे तपासून आपण कमअस्सल प्रकार निवडला, की टिंग! शिवाय किती नुकसान झालं तेही दशांशात सांगतं. रॉयल फ्लश, म्हणजे एकाच जातीचे दश्शी ते एक्का, सरासरी चाळीसेक हजार डावांत एकदा येतो. तोपर्यंत नुसती घंटी ऐकायची.

व्याही बघायला आले. येताना भडंगाचा पुडा. खात खात खेळायला बसले. गुलामांची जोडी, एक्का, सत्ती, चव्वी. व्याह्यांनी जोडीबरोबर एक्काही धरला. टिंग!

"बिघडलंय तुमचं," व्याही म्हणाले.

मी समजावलं, की इथं एक्क्याला वेगळा मान नाही. तो धरला तर तीनऐवजी दोनच नवे पत्ते येतात आणि तिसरा गुलाम लागायची आशा घटते. व्याह्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या घराण्यावर बोट ठेवलं. "आयुष्यात कधी एक्का टाकला नाही हो!" टिंग. टिंग. सौ. आतून ओरडली, "दारात कोण आहे बघा!"

मग मी त्यांना 'ड्यूसेस वाइल्ड' दाखवला. त्यात दुर्री जोकर असते, हव्या त्या पत्त्याची जागा घेते. पूर्ण बक्षिसांचा तक्ता मिळाला आणि बिनचूक खेळलं, तर परतावा १००.७६ टक्के. दुर्रीला एवढा मान आणि एक्क्याला काही नाही, हे पाहून व्याही बराच वेळ भडंगातले शेंगदाणे वेचत राहिले. त्यातल्या एकाचं फोलपट एंटरच्या बटणाखाली गेलं आणि मी टाचणी शोधायला उठलो.

परत आलो तर घंटी बंद. हा माणूस मोबाईलवर फोटो पाठवताना नातवाला हाक मारतो, पण सेटिंगमध्ये शिरून त्यानं आवाज बरोबर हुडकला होता. आता एक्के धरून खुशाल खेळत होते.

"झकास आहे की हो! पेन ड्राइव्हवर घालून द्या."

मी म्हटलं, लायसन्स एकाच मशीनचं आहे, दुसऱ्यावर चालत नाही.

व्याह्यांनी क्षणभर विचार केला आणि चार्जरची वायर गुंडाळायला घेतली. "मग असं करू, लॅपटॉपच नेतो. आठवडाभरानं पाठवतो."